थरांवर थर

गिरगावातल्या चाळीत राहिलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे १९४८ साली जे. जे. स्कूलमधून बाहेर पडले. व्हॅन गॉगचा रंग जाड फटकाऱ्यांनी कॅनव्हासवर उभा राहतो. गायतोंडेंचा मात्र आत मुरतो. रोलरने तेलरंग पसरायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, फाटक्या कागदाने टिपून उचलायचा, पुन्हा थर. वर्षाकाठी मोजकीच चित्रं व्हायची. २००१ साली ते गेले; २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. (आपल्याला ते आठवतात लिलावाचे कोटींचे आकडे छापून आले की!) त्यांच्या रंगांचे हे थर छपाईत उतरत नाहीत, या अंकातही उतरणार नाहीत. मुंबईत त्यांचं मूळ चित्र कुठे लागलं, तर दहा मिनिटं काढून समोर उभे राहा.