वासराची हगवण, लेकराची हगवण



म्हशी विण्याचे दिवस आले की बुलढाणा जिल्ह्यात कोठ्याकोठ्यातून वगारी हगवणीने मान टाकतात. त्याच घरातले लेकरू जुलाबाने सुकले तर ते प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते आणि वगार पशुवैद्यकीय दवाखान्यात. दोन्हीकडचे कागद कोणी एकत्र ठेवून पाहत नाही. माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्यातला एकपेशीय परजीवी एक ते तीन आठवड्यांच्या वासरांना हमखास गाठतो. आजारी वासराच्या शेणातून त्याचे अब्जावधी बीजकोष बाहेर पडतात. माणसाला आजारी पाडायला त्यांतले दहा-वीसही पुरतात. कोठा झाडून तेच हात लेकराच्या वाटीला लागले, की झाले. २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, कोलकात्यासह आशिया-आफ्रिकेतील सात ठिकाणांच्या अभ्यासात तान्ह्या बाळांच्या तीव्र अतिसाराच्या प्रमुख कारणांत रोटाव्हायरससोबत हाच परजीवी निघाला. बाळांना रोटाव्हायरसवर लस आहे, यावर नाही.

आपले नेहमीचे उपायही इथे तोकडे पडतात. ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएल (क्लोरीनच्या) पावडरला हे बीजकोष दाद देत नाहीत. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या नळाच्या पाण्यातील याच परजीवीने सुमारे चार लाख लोक आजारी पडले होते. जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची गोळी यावर चालत नाही. पाणी खळखळ उकळले तर मात्र हा परजीवी मरतो.

बाळांमध्ये हा संसर्ग पुष्कळदा माणसाकडूनच माणसाला होतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून जनावरांवर उगाच ठपका नको, तपासणी हवी. साध्या शौच तपासणीत हे बीजकोष सहज निसटतात. क्षयाच्या थुंकी-तपासणीला वापरतात त्याच रंगद्रव्याने, पद्धत थोडी बदलून, ते सूक्ष्मदर्शकाखाली लालसर दिसतात. म्हणजे नवे यंत्र मागवायची गरज नाही.

जिल्हा आरोग्य विभागाला माझी विनंती आहे. ओआरएस आणि झिंक वाटताना आशाताईंनी 'घरात महिन्याच्या आतले वासरू आहे का, ते हगते आहे का?' एवढे विचारून लिहावे. उत्तर 'हो' आले, तर लेकराच्या शौचासोबत वासराचे शेणही तपासायला जावे. तोवर दोन वर्षांखालच्या मुलांना उकळून गार केलेलेच पाणी द्यायला सांगावे, आणि आजारी वगारीचे काम करणाऱ्याने साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये. मेहकर, लोणार, चिखली या तालुक्यांपासून यंदाच सुरुवात करता येईल.

— एक पशुपालक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा