खिळा कुणी पाहिला?

गेल्या हिवाळ्यात विट्याच्या एसटी स्टँडजवळ एका टपरीवर चहा घेत होतो. शेजारच्या बाकावर तीन म्हातारे कडाक्याने भांडत होते. विषय राजकारणाचा नव्हता, पाण्याचा नव्हता. येरळा नदीकाठच्या एका गावच्या जत्रेत पन्नासेक वर्षांपूर्वी झालेल्या बैलगाडी शर्यतीचा होता.

येरळा खटावातून म्हणजे सातारा जिल्ह्यातून येते आणि सांगली जिल्ह्यात कृष्णेला मिळते. तिच्या दोन्ही काठांवर शर्यतीचं वेड सारखंच. त्यामुळे ते भांडण मीही कान देऊन ऐकत बसलो.

पहिला म्हणाला, "भूकंपाच्या साली झाली ती शर्यत." म्हणजे १९६७. दुसरा म्हणाला, "खुळा का काय! दुष्काळाच्या आदल्या साली." म्हणजे १९७१. पहिल्याच्या आठवणीत हरण्या बैल पांढराशुभ्र खिलार होता, दुसऱ्याच्या आठवणीत कोसा. हरण्याची गाडी मानेच्या फरकाने हरली की अख्ख्या बैलाच्या, यावर तर कप आपटून झाले. सकाळपासून दोन फेऱ्या हरण्यानेच मारल्या आणि शेवटच्या फेरीत झेंडा हाताच्या अंतरावर असताना तो लंगडला, एवढ्यावर मात्र तिघांचं एकमत होतं.

आणि आणखी एका गोष्टीवर. तिसरा म्हातारा, जो इतका वेळ गप्प होता, तो म्हणाला, "लंगडला कसला, लंगडवला. नालबंदानं पैसं खाल्लं हुतं. खिळा आत मारला त्यानं." बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. टपरीवाल्या पोरानेही हलवली. त्या पोराचा बापसुद्धा त्या वेळी लहान असेल.

मी विचारलं, "तात्या, खिळा मारताना तुम्ही होता का तिथं?"

"न्हाई बा. पर समद्या गावाला ठावं हाय."

तो नालबंद माझा आजोबा होता.

मी त्यांना ते सांगितलं नाही. गाडी लागली होती, मी उठलो. पण ती गोष्ट उतरायच्या गावापर्यंत माझ्या शेजारीच बसून आली. म्हणून आज लिहितो आहे. वाचकांनी मला आजोबाचा वकील म्हणावं. आहेच मी. पण वकिलाचंही म्हणणं ऐकून घ्यायची पद्धत असते.

आधी धंद्याचं सांगतो, कारण आज पत्री ठोकलेला बैल पाहिलेली पिढीही कमी होत चालली आहे. घोड्याचं खूर अखंड असतं, त्याला एक नाल पुरते. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, चार पायांना आठ. दोराने बैल पाडायचा, पाय बांधायचे, वाढलेलं खूर तासून सपाट करायचं, मग पत्री बसवायची. खिळा खुराच्या मेलेल्या कडेतूनच बाहेर निघाला पाहिजे. आपल्या नखाच्या पुढच्या टोकासारखी ती कड असते. आत जिवंत मांस असतं. खिळा तिथं गेला तर बैल तिथंच अंग टाकून झटका देतो. त्या वेळी कळलं नाही तरी पुढे खूर गरम होतं, पू धरतो, बैल पाय टेकवत नाही.

आता त्या तिघांची साक्ष त्यांच्याच शब्दांत पुन्हा वाचा. हरण्याने त्या दिवशी दोन फेऱ्या जिंकल्या होत्या. खुराच्या मांसात खिळा घेऊन? ज्या बैलाला उभं राहवणार नाही, तो रिकाम्या छकड्याला जुंपून दोनदा पहिला येतो आणि तिसऱ्यांदा नेमका झेंड्याजवळ लंगडतो, हे कोणत्या बैलाला जमेल? माझे आजोबा सांगायचे की पत्री जत्रेच्या आठ-दहा दिवस आधी ठोकली होती आणि त्यानंतर बैल रोज फिरवला जात होता. पण ते राहू द्या. ती घरची साक्ष आहे, तिचं वजन कमी धरा. विरोधी साक्षीदारांच्याच तोंडून आरोप पडतो आहे, एवढंच माझं म्हणणं.

मग बैल लंगडला कशाने? एका दिवसात तीन वेळा जीव तोडून पळाल्याने शीर धरली असेल. नांगरटीच्या ढेकळात पाय मुरगळला असेल. आणि एक गोष्ट टपरीवर कुणीच काढली नाही: पराणी. काठीच्या टोकाला बसवलेली लोखंडी आर. ती पुठ्ठ्यात टोचून बैल पळवले जात, हे शर्यत पाहिलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत आहे. आठवणीत मात्र बैलाचा रंग राहतो, शिंगांचा गुलाल राहतो, पुठ्ठ्यावरचं रक्त राहत नाही. पराणी ज्याच्या हातात होती तो गावचा वाघ ठरला. ज्याच्या हातातली हातोडी कुणी पाहिलीच नाही, तो दगाबाज ठरला.

हे रक्त विसरण्याची किंमत शौकिनांनीही मोजली आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या, त्या प्राण्यांच्या छळाच्याच मुद्द्यावर. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला. शर्यतीत बैलाला इजा केल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद झाली. तरी मैदानं पुन्हा सुरू व्हायला १६ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला आणि कायद्यावर घटनापीठाची मोहोर उठली १८ मे २०२३ रोजी. आज जाहिरातीत 'विना लाठीकाठी' असं ठळक छापावं लागतं. जे आपल्या मैदानात कधी घडलंच नाही असं आपण सांगतो, तेच आपल्याला आता छापून नाकारावं लागतं आहे.

आता मी त्या म्हाताऱ्यांच्या पलीकडे जातो, कारण त्यांच्यावर माझा राग नाही. वय झालं की साल चुकतं, रंग चुकतो. माझा आक्षेप आहे तो न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगण्याला.

शर्यतीची आठवण कशी जपावी याचा एक नमुना आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. मदिनेत पैगंबरांनी घोड्यांची शर्यत लावली होती. बुखारीच्या संग्रहात ती हदीस आहे. तयार केलेले घोडे हफियापासून सनिय्यतुल विदापर्यंत आणि तयार न केलेले सनिय्यापासून बनू झुरैकच्या मशिदीपर्यंत पळाले. सांगणारे अब्दुल्लाह इब्न उमर स्वतः त्या शर्यतीत घोड्यावर होते. पुढच्या काळात अंतर किती, असा प्रश्न निघाला. एक रावी म्हणाला पाच किंवा सहा मैल. दुसरा म्हणाला सहा किंवा सात. दोघांची उत्तरं 'किंवा'सकट लिहून ठेवली गेली. कुणी कप आपटला नाही, कुणी आपला आकडा दुसऱ्यावर लादला नाही.

दुसरी हदीस पैगंबरांच्या अदबा नावाच्या सांडणीची. ती कधी हरत नसे. एक दिवस एक बद्दू आपल्या तरण्या उंटावर आला आणि तिला मागे टाकून गेला. सहाबांना वाईट वाटलं. पैगंबरांनी त्यांना समजावलं ते असं, की जगात जे वर चढतं त्याला कधीतरी खाली आणणं हा अल्लाहचा नियमच आहे. एवढी लाडकी सांडणी हरली, पण कुणी बद्दूवर संशय घेतला नाही, चारा घालणाऱ्याला धरलं नाही. हरली, म्हणून हरली असंच नोंदवलं.

आपल्या हरण्याला हरायची मुभा नव्हती. म्हणून दोषी शोधावा लागला, आणि तो गावात सर्वांत स्वस्त मिळणारा माणूस निघाला. बलुत्यावर जगणारा, ज्याचं एकच घर, ज्याची भावकी नाही. आजोबा सांगायचे, पहिल्या वर्षी लोक म्हणत, "खिळा आत गेला असंल." काही वर्षांनी 'गेला'चा 'मारला' झाला. टपरीवर मी ऐकलं तेव्हा त्यात पैसे आले होते. आणि मी उठता उठता तिसऱ्याने पुस्ती जोडली, "ती जातच तसली." एका बैलाच्या लंगडण्यातून जातीपर्यंत पोहोचायला पन्नास वर्षं लागली. आता मोबाईलवर तेवढा वेळही लागत नाही.

आपल्यातल्या काहींना हे वाचून बरं वाटेल. त्यांनाही थांबवतो. आलेली बातमी आधी तपासा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान करून बसाल, हे सूरह हुजुरातने आपल्याला सांगितलं आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या ग्रुपवर रोज जे पुढे ढकललं जातं त्यातलं किती आपण तपासतो? "समद्या गावाला ठावं हाय" आणि "सब को मालूम है" यांत फरक फक्त भाषेचा आहे. आणि बैलगाडीशी आपला काय संबंध, असं विचारणाऱ्या आपल्या तरुणांना सांगतो: त्या गाडीचं चाक सुताराने केलं, धाव लोहाराने चढवली, पत्री नालबंदाने ठोकली. शर्यत एकट्या मालकाची कधीच नव्हती. ती सोडून देणं म्हणजे तिसऱ्या म्हाताऱ्याचं म्हणणं खरं करणं.

तेव्हा शौकिनांना एक विनंती. जुन्या शर्यती जरूर सांगा, तासन् तास सांगा. फक्त प्रत्येक वाक्यापुढे एवढं जोडा: हे मी पाहिलं, हे अमक्याकडून ऐकलं, हे मला ठाऊक नाही. सालावरून खुशाल भांडा. बैल पांढरा होता की कोसा, याने कुणाचं घर मोडत नाही. खिळ्याने मोडतं. त्या जत्रेनंतर आजोबांकडे शर्यतीचा एकही बैल पत्री ठोकायला आला नाही, आणि दोन वर्षांनी ते गाव सोडून कऱ्हाडला आले. आमचं कुटुंब तेव्हापासून तिथंच आहे.

ती शर्यत खरं तर कुणी जिंकली, हे त्या तिघांपैकी एकालाही सांगता आलं नाही.