अंड्यातल्या जीवाची सावधगिरी आणि आपली

बेडकाचे अंडे म्हटले की प्राणिशास्त्राच्या वहीतील आकृती आठवते. एक वर्तुळ, त्यात काळा ठिपका, पुढे बाण आणि बाणापुढे बेडूकमासा. जणू ठरलेल्या घटकेला पेटी उघडावी आणि आतला प्रवासी बाहेर पडावा! ही आपली समजूत चुकीची आहे.

मध्य अमेरिकेत लाल डोळ्यांचा एक झाडबेडूक आहे. त्याची मादी पाण्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालते. काही विघ्न आले नाही, तर सहा-सात दिवसांनी पिल्ले खालच्या पाण्यात पडतात. परंतु सापाने अंड्यांना तोंड घातले, की चार-पाच दिवसांचे अपुरे भ्रूणही आवरण फोडून पाण्यात उड्या घेतात. कॅरन वॉर्केंटिन यांनी कोस्टारिकात केलेले हे संशोधन १९९५ साली प्रसिद्ध झाले. भ्रूण तोंडाच्या टोकापाशी साठवलेले विकर सोडून आवरणाला भोक पाडतो आणि सरासरी वीसेक सेकंदांत मोकळा होतो, हे २०१६ साली दाखवण्यात आले. पावसानेही अंडी हादरतात. पण पावसाचा हादरा आणि सापाचा हादरा यांतला फरक त्या जीवाला कळतो!

मग सगळेच भ्रूण आधी का निघत नाहीत? कारण लवकर निघालेले पिल्लू लहान असते आणि पाण्यातले मासे व झिंगे त्याला सहज गट्ट करतात. वर साप, खाली मासा. कोणते संकट जवळचे, हे पाहूनच घटका ठरते.

परंतु या शहाणपणाला दोन अटी आहेत. संकट पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचे हवे आणि पळून जायला खाली स्वच्छ पाणी हवे. ज्याच्या अंड्याभोवतीचे पाणीच विषारी झाले, त्याने केव्हा बाहेर पडावे? लवकर निघाला तरी विषात, उशिरा निघाला तरी विषात.

ही शंका हवेतली नाही. आपल्याकडे पहिल्या पावसाच्या डबक्यात अंडी घालणारा मायक्रोहायला ऑर्नाटा हा चिमुकला बेडूक सर्वत्र आढळतो. कीटकनाशकांमुळे त्याच्या भ्रूणांत व्यंगे निर्माण होतात, हे भारतीय संशोधकांनी १९८०च्या दशकातच प्रयोगाने दाखवले होते.

आणि माणसाचे काय? खानदेशातून पोटासाठी गेलेली हजारो मराठी कुटुंबे सुरत परिसरात राहतात. त्या सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे एका टँकरमधून नाल्यात रासायनिक सांडपाणी सोडले जात होते. त्यातून विषारी वायू पसरला. सहा कामगार मरण पावले, वीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. साप ओळखणारा भ्रूण रसायनापुढे जसा हतबल, तशीच ती माणसेही ठरली.

कारखाने बंद करा, असे म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्यावर हजारोंच्या चुली पेटतात. प्रश्न कारखान्याचा नाही, रात्रीच्या अंधारात नाल्यात काय सोडले जाते याचा आहे. भ्रूणाला नवे संकट ओळखता येत नाही, हा त्याचा दोष नव्हे. आपल्याला मात्र ते ओळखता येते. नाल्याच्या पाण्याची परीक्षा करण्याचे ज्ञान आपल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे, आणि अंडी मोजण्याचे ज्ञान प्राणिशास्त्राच्या.

म्हणून माझी सूचना साधी आहे. दरवर्षी जूनमध्ये या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी गावाजवळची चार-पाच डबकी निवडावीत. पाण्याची आम्लता पाहावी, अंडी किती आणि त्यांतून धडधाकट बेडूकमासे किती, याची नोंद ठेवावी. मराठी व कन्नड दोन्ही भाषांत ती फलकावर लावावी आणि आकडे बिघडले, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावे. याला फारसा खर्च नाही. लागते ती थोडी चिकाटी.

मित्रहो, चार दिवसांचा भ्रूण हादरा ओळखून वीस सेकंदांत निर्णय घेतो. आपण पदव्या घेऊनही किती वर्षे घेणार?