गाडीला रंग किती लागेल? आधी टेप, मग डबा



भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला, की शहापूर-मुरबाडकडच्या घरांतून एक काम हमखास निघते. दारातल्या गाडीला रंग द्यायचे. भाजी घेऊन कल्याणच्या बाजाराला जाणारी पिकअप असो की मुलाने जुनी घेतलेली छोटी गाडी असो, आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस सोसून तिच्या दारांखाली, मडगार्डला गंज धरलेला असतो. गॅरेजवाल्याचा आकडा ऐकून घरातला कोणीतरी म्हणतो, "रंग आणा, आपणच मारू."

मारता येतो. पण दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो हा, की रंग किती द्यायचा? इथे बहुतेकजण अंदाजाने बोलतात आणि दोहोंपैकी एका बाजूने नुकसान करून घेतात. रंग कमी पडला तर डोळखांब किंवा टोकावड्याहून पुन्हा खेप घालावी लागते. शिवाय दुसऱ्या वेळी आणलेला डबा वेगळ्या घाण्याचा असला तर एक दरवाजा कायमचा वेगळा दिसतो. जास्त आणला तर उरलेला डबा माळ्यावर साय धरून सुकतो. ते पैसे बी-खताचे असतात, हे आपण विसरतो.

पावसाचे गणित तेच रंगाचे

हे गणित तुम्हाला नवीन नाही. १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी पडले, हे आपण पर्जन्यमापकाच्या संदर्भात अनेकदा पाहिले आहे. रंगाचेही तसेच. १ लिटर रंग १ चौरस मीटरवर ओतला तर १ मिलिमीटर जाडीचा थर होईल. तोच लिटर २० चौरस मीटरवर पसरला तर थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे ५० मायक्रॉन होईल. त्यातले थिनर उडून गेले की सुकलेला थर आणखी पातळ राहतो. गाडीला एकाऐवजी दोन-तीन हात का द्यावे लागतात, ते यावरून कळेल.

म्हणून हिशेबाला तीनच गोष्टी लागतात. पत्र्याचे क्षेत्रफळ किती, हात किती द्यायचे आणि एका लिटरमध्ये एका हाताने किती क्षेत्र भरते. क्षेत्रफळाला हातांनी गुणायचे आणि तिसऱ्या आकड्याने भागायचे. आठवीतल्या मुला-मुलीला हे काम सांगा. पुस्तकातले क्षेत्रफळ कशाला शिकायचे, ते त्यांना एका दुपारात कळेल.

मोजमाप कसे घ्यावे

शिवणकामाची टेप घ्या. गाडीचा पत्रा वळणाचा असतो, त्यामुळे लाकडी पट्टी फसवते. टेप वळणावरून फिरते. काचा, दिवे, चाके सोडून द्या. एका छोट्या चार दरवाज्यांच्या गाडीचे उदाहरण पाहू.

टप १.४ मीटर गुणिले १.१ मीटर, म्हणजे १.५४ चौरस मीटर. बॉनेट १.२ गुणिले ०.९, म्हणजे १.०८. काचेखालची एक बाजू ३.४ गुणिले ०.७५, म्हणजे २.५५, दोन बाजूंचे ५.१०. त्यातून चाकांच्या चार कमानी वजा करा. प्रत्येकी सुमारे ०.१४ धरले तर ०.५६ जातात आणि ४.५४ उरतात. काचांमधले खांब ०.५०. मागच्या दाराचा काचेखालचा भाग ०.५५. पुढचा-मागचा बंपर मिळून १.२०. दारे उघडल्यावर दिसणाऱ्या कडा सुमारे ०.६०. बेरीज १०.०१, म्हणजे १० चौरस मीटर.

गुंठ्यात सुमारे १०१ चौरस मीटर असतात. म्हणजे दारातली गाडी गुंठ्याच्या दहाव्या भागाएवढीच आहे! एवढ्याशा क्षेत्राला पाच लिटर रंग आणणारे आहेत, म्हणून हे सांगितले.

पिकअपच्या हौद्याला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मात्र कमी लेखू नका. ३ मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि ०.६ मीटर उंच ट्रॉलीच्या बाजू आणि फाळका आतून-बाहेरून धरला तर ११.५२ चौरस मीटर होतात. तळाचे ५.४० मिळवले की जवळजवळ १७. खालची चासी निराळी. म्हणजे ट्रॉलीला गाडीपेक्षा जास्त रंग लागतो. पत्रा नालीदार असेल तर टेप नालीतून फिरवून मोजा, सरळ मापापेक्षा ते अधिक भरेल.

ब्रश की गन?

डब्यावर लिहिलेले क्षेत्र गुळगुळीत पत्र्यावरचे आणि सरावलेल्या हाताचे असते. आपण घरी हिशेब करताना सिंथेटिक एनॅमल ब्रशने लावले तर एका लिटरमध्ये एका हाताचे १० चौरस मीटर धरावे. आपल्या गाडीचे १० चौरस मीटर, दोन हात, म्हणजे २० चौरस मीटर; त्याला २ लिटर रंग. ब्रशच्या रेघा थोड्या दिसतात. ट्रॉलीला, पिकअपच्या हौद्याला त्याने काही बिघडत नाही.

कॉम्प्रेसर आणि गन भाड्याने आणली तर रंग एकसारखा बसतो, पण जास्त लागतो. साध्या गनमधून उडालेल्या रंगापैकी निम्म्याहून अधिक हवेत जातो. पत्र्यावर शंभरातले चाळीस भाग बसतात असे धरू. १० चौरस मीटरवर ५० मायक्रॉनचा ओला थर द्यायला अर्धा लिटर पुरे. पण गनमधून त्यासाठी सव्वा लिटर उडवावा लागेल. तीन हातांना ३.७५ लिटर तयार मिश्रण झाले. चार भाग रंगाला एक भाग थिनर घातले तर त्यात ३ लिटर रंग आणि पाऊण लिटर थिनर येते. गन धुवायला आणखी एक लिटर थिनर ठेवा.

एन.सी. रंगाला थिनर पुष्कळ लागते आणि हातही जास्त द्यावे लागतात. गणित तेच, प्रमाण मात्र डब्यावरचे घ्या.

जो आकडा येईल त्यात दहावा भाग मिळवा. गाळणीत, भांड्यात थोडा अडकतो आणि पुढे ओरखडा बुजवायला थोडा हवाच. ३ लिटर निघाले तर एक-एक लिटरचे तीन डबे आणि अर्ध्या लिटरचा एक, एवढे पुरे. सगळे डबे एकाच वेळी, एकाच बॅच नंबरचे घ्या आणि सुरुवातीलाच एका स्वच्छ बादलीत एकत्र ढवळा. मग दारादारात फरक पडणार नाही.

प्रायमर सगळ्या गाडीला लागत नाही. जिथे गंज घासून उघडा पत्रा निघाला, तेवढ्याच जागा मोजा आणि लिटरला ८ चौरस मीटर धरा. लांबी, म्हणजे पुट्टी, फक्त पोच्यांपुरती.

तरी शंका वाटते? फवारणीच्या पंपाची चाचणी आपण कशी घेतो, तशीच घ्या. जुन्या पत्र्यावर १ चौरस मीटरचा चौकोन आखा, मापून रंग घ्या, एक हात मारा आणि उरलेला मोजा. तुमच्या हाताचा आणि तुमच्या गनचा खरा आकडा तोच. मात्र फवारणीचा पंप रंगासाठी कधीही वापरू नका.

हवा, जनावरे आणि मुले

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हे काम काढू नये. ओल्या हवेत चकाकी मरते, एन.सी. रंगावर पांढुरकी झाक येते. हिवाळ्यात दंव सुकल्यावर सुरुवात करा आणि ऊन कलण्याआधी हात थांबवा. खळ्याचा आणि पेंढ्याचा कचरा उडत असेल त्या दिवशी रंग नको.

जुना रंग कोरडा खरवडू नका. वॉटर पेपरने पाणी लावून घासा. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे; पण वाहनाचा रंग त्यात मोडत नाही. जनावरांना रंगाचे पोपडे चाटायची सवय असते आणि शिशाने गाय-बैल दगावतात. रांगत्या मुलांनाही तोच धोका. म्हणून खाली ताडपत्री घाला, गोठ्यापासून आणि वैरणीपासून लांब काम करा आणि पडलेला चुरा गोळा करून बंद डब्यात ठेवा. धुतलेले थिनर ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. रिकामा डबा पाण्याला, धान्याला वापरू नका.

थिनर पेट घेते. चूल आणि विडी दूर ठेवा, बंद पडवीत गन चालवू नका. हार्डनर मिसळायचे दोन डब्यांचे रंग घरी फवारूच नका. त्यांतल्या आयसोसायनेटने दमा जडतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. ते काम साधने असलेल्या गॅरेजवरच सोपवा.

शेवटी एक कागदाची गोष्ट. नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचा रंग लिहिलेला असतो. तोच रंग देणार असाल तर प्रश्न नाही. बदलायचा मनात असेल तर डबा घेण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करा.

आणि सगळी गाडी रंगवायलाच हवी असेही नाही. टप चांगला असेल तर तो हिशेबातून वगळा. गंजलेली दारे आणि मडगार्ड वेळेवर घासून, प्रायमर देऊन रंगवली तरी पत्रा वाचतो, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत वाचवायचा आहे तो पत्राच. तेव्हा येत्या रविवारी टेप आणि वही काढा. दुकानात जाल तेव्हा आकडा तुमच्या खिशात असू द्या.