मुलाहिजा न ठेवता
आमच्या वरोऱ्यात बाबा आमट्यांच्या आनंदवनातून आलेल्या पुस्तकाविषयी परखड मत देणे हे देवळात जोडे घालून शिरण्यासारखे समजले जाते. म्हणून या आठवड्यात वाचकमित्रांच्या बैठकीत एका निवृत्त गुरुजींनी चहाची बशी खाली ठेवून, बाबांच्या ‘ज्वाला आणि फुले’ या काव्यसंग्रहापेक्षा त्यांच्या पत्नी साधनाताईंचे ‘समिधा’ हे आत्मकथनच सरस आहे, असा बेधडक शेरा मारला, तेव्हा भल्याभल्यांनी खिडकीबाहेर पाहण्यास प्रारंभ केला. मी मात्र गुरुजींचा निकाल कायम करतो. १९६४ सालच्या त्या काव्यात आवाहनाचा स्वर इतका उंच लागला आहे की वाचकाला क्षणभर बसण्याची मुभा मिळत नाही; उलट त्याच ध्येयवादाचा प्रपंच प्रत्यक्षात कोणी रेटला, याची साधी, रोखठोक कैफियत ‘समिधा’त आहे. लेखकाचा त्याग, तो कितीही वंदनीय असो, त्याच्या ओळींना जामीन राहू शकत नाही, आणि भिडेखातर केलेली स्तुती ही बाबांसारख्या बंडखोराची तर निव्वळ बेअदबीच होय. एवढ्यात कोपऱ्यातल्या बाई कडाडल्या, ‘‘गुरुजी, तुम्ही त्या कविता मनातल्या मनात वाचल्या असतील, मोठ्यानं वाचा जी!’’ आणि काव्यसंग्रह गुरुजींच्या पिशवीत कोंबून त्यांनी पुढल्या बैठकीची ताकीदही देऊन टाकली.