धातु निवडतांना

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरांत जो वाद माजला तो फराळावरून नव्हता, अगर भाऊबिजेस कोणीं कोणाकडे जावें यावरूनहि नव्हता. तो माजला दोन धातूंवरून, आणि तेहि असे धातु कीं जे आमच्या घरांत कोणीं डोळ्यांनीं पाहिलेले नाहींत. आमचे चिरंजीव आणि आमच्या धाकट्या बंधूंची कन्या हीं दोघें माजघराशेजारच्या खोलींत आपापले संगणक मांडून 'टेरेरिया' नांवाचा खेळ खेळत होतीं. आणि पॅलेडियमचें चिलखत अंगावर ठेवावें कीं तें टाकून ऑरिकॅल्कमचें घडवावें, या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठीं तीं आमच्याकडे आलीं. आम्ही निकाल दिला. तो चुकला. कसा चुकला हें सांगण्यासाठींच आजचें हें लिखाण आहे.

ज्या घरांत हा खेळ अद्याप शिरला नसेल त्यांच्यासाठीं थोडें प्रास्ताविक अवश्य आहे. अमेरिकेंतील री-लॉजिक या मंडळीनें तो २०११ सालच्या मे महिन्यांत प्रसिद्ध केला. खेळणाराचा वीर जमीन खणतो, खनिज काढतो, तें भट्टींत वितळवितो आणि ऐरणीवर त्याचीं हत्यारें व चिलखतें घडवितो. आरंभीं यांत विचार करण्याजोगें फारसें नाहीं. तांब्याहून लोखंड बरें, लोखंडाहून चांदी बरी, चांदीहून सोनें बरें. लहान मूलहि हें समजतें. पुढें एखादे वेळीं आकाशांतून उल्का पडते, आणि तिच्या धातूचें संपूर्ण चिलखत घातलें तर एक विशिष्ट बंदूक मंत्रशक्ति खर्च न करितां चालते. येथें प्रथमच धातूला नुसता कठीणपणा न राहतां एक स्वतंत्र गुण चिकटतो. हें वाचून आम्हांस जहांगीर बादशहाची आठवण झाली. १६२१ सालीं जालंदरच्या बाजूस उल्का पडली, तेव्हां त्यानें तिचें तीन भाग लोखंड आणि एक भाग साधें लोखंड असें मिश्रण करवून तरवारी, खंजीर व सुरी घडविल्या, आणि ही हकीकत आपल्या रोजनिशींत मोठ्या हौसेनें नमूद करून ठेविली. आकाशांतून आलेल्या लोखंडांत कांहीं निराळें असलेंच पाहिजे, ही समजूत बादशहांपासून बालकांपर्यंत एकच दिसते. असो.

खरा पेंच पुढें आहे. पाताळांतील मांसाच्या भिंतीचा वध केला कीं जग पालटतें आणि एक विशेष हातोडा हातीं येतो. त्या हातोड्यानें राक्षसी वेद्या फोडावयाच्या. पहिली वेदी फुटतांच जमिनींत कोबाल्ट किंवा पॅलेडियम उत्पन्न होतें. दुसरी फुटतांच मिथ्रिल किंवा ऑरिकॅल्कम. तिसरी फुटतांच ॲडॅमंटाइट किंवा टायटॅनियम. प्रत्येक जोडींतील कोणता धातु मिळावा हें खेळणाराच्या हातीं नसतें. तें त्या त्या जगाच्या नशिबावर असतें. चौथ्या वेदीपासून पुन्हां पहिल्या धातूची पाळी येते, परंतु प्रत्येक फेरींत मिळणारें खनिज कमी कमी होत जातें, आणि वेदी फोडल्याच्या पापानें कधीं कधीं जगांतला कुठला तरी एखादा दगड भ्रष्ट होऊन तेथून कीड पसरूं लागते. सारांश, लोभालाहि येथें किंमत मोजावी लागते.

या जोड्यांतील दुसरे तिन्ही धातु २०१३ सालच्या ऑक्टोबरांत खेळांत आले, आणि त्यांच्याबरोबर निवडीचा खरा घोळहि आला. कोबाल्ट, मिथ्रिल व ॲडॅमंटाइट हे सरळमार्गी धातु होत. शिरस्त्राण तरवारीचें, तिरंदाजाचें कीं मांत्रिकाचें, यावर त्यांचा लाभ ठरतो: हात जलद चालतो, बाण वांचतात, मंत्राचा खर्च उतरतो. पॅलेडियम, ऑरिकॅल्कम व टायटॅनियम यांचे गुण मात्र अंगचे आहेत, शिरस्त्राण कोणतेंहि असो. पॅलेडियमचें संपूर्ण चिलखत घालून शत्रूवर घाव घातला कीं पुढील पांच सेकंद वीराच्या जखमा झपाट्यानें भरून येतात. ऑरिकॅल्कमवाल्यानें घाव घातला कीं फुलांच्या पाकळ्या उडत येऊन शत्रूस आणखी जखमी करतात. टायटॅनियमवाल्याच्या भोंवतीं घावागणिक धातूच्या तुकड्यांचें कडें फिरूं लागतें. हा टायटॅनियमचा गुण २०२० सालच्या मे महिन्यांतला. त्यापूर्वीं त्याच्या योगानें शत्रूचा एखादा वार सबंध चुकवितां येत असे, आणि तो जुना गुण आतां पुढच्या पायरीवरील एका चिलखतास दिलेला आहे. ज्यांनीं जुन्या पद्धतीवर हात बसविला होता त्यांना हा फेरफार कितपत रुचला असेल, याची कल्पना जमिनीचे कायदे बदललेले ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस सहज येईल.

या नांवांविषयीं येथें थोडें विषयांतर करण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. कोबाल्ट हें नांव जर्मन खाणकामगारांच्या 'कोबोल्ड' नामक खोडकर भुतावरून पडलें. कारण त्या खनिजांतून चांदी तर निघत नसे, आणि भट्टींतून विषारी धूर मात्र निघे. १८०२ सालीं पॅलस नांवाचा लघुग्रह सांपडला आणि त्याच सुमारास वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञास एक नवा धातु मिळाला, म्हणून त्याचें नांव पॅलेडियम. परंतु ज्या पॅलस देवतेच्या मूर्तीनें ट्रॉय नगरीचें रक्षण होतें असें ग्रीक लोक मानीत, त्या मूर्तीसहि पॅलेडियमच म्हणत. तेव्हां रक्षणाचा गुण या नांवास शोभतो. ऑरिकॅल्कम प्लेटोच्या लिखाणांतील बुडालेल्या ॲटलांटिसचें, आणि मिथ्रिल टॉल्कीनच्या कादंबऱ्यांतलें. राहिला टायटॅनियम, तो तर आपल्या दाराशींच आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूंत इल्मेनाइट नांवाचें जें खनिज असतें तें टायटॅनियमचेंच होय. आमच्या मातोश्री लहानपणीं त्या वाळूंत अनवाणी खेळल्या आहेत, हें मुलांस सांगितलें तेव्हां आजीचा मान त्या दिवसापुरता बराच वाढला.

आतां आमच्या निकालाकडे वळूं. आमच्या पुतणीनें जो वीर घेतला होता तो 'हार्डकोर' जातीचा, म्हणजे एकदां मेला कीं कायमचा मेला. चिरंजीवांचा वीर साधा. तो मरतो आणि थोड्या वेळानें पुन्हां उठून उभा राहतो. दोघें एकाच जगांत खेळत होतीं. त्या जगानें त्यांस पॅलेडियम, ऑरिकॅल्कम आणि ॲडॅमंटाइट दिलें होतें. पुतणीनें चोपन्न कांबी, म्हणजे एकशें बासष्ट खडे खनिज, खपवून पॅलेडियमचा साज नुकताच पुरा केला होता. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, तिनें आतां ऑरिकॅल्कम घ्यावें. शत्रु लौकर मेला तर जखमच होणार नाहीं. तिचें म्हणणें असें कीं, ज्यास एकच जीव आहे त्यानें जीव भरून काढणारा धातु कां सोडावा? आम्हांस हा युक्तिवाद अत्यंत पटला. किंबहुना, एवढ्याशा मुलीनें इतका पोक्त विचार करावा याचें आम्हांस कौतुक वाटलें, आणि आम्ही तिच्या बाजूनें कौल दिला.

तिसऱ्या दिवशीं दिवेलागणीच्या सुमारास तिचा वीर मेला. खोल भुयारांत ऑरिकॅल्कम खणतांना एका पेटाऱ्यानें, जो पेटारा नसून पेटाऱ्याच्या रूपांतील राक्षस असतो, तिच्यावर झडप घातली. तिनें औषधाची कुपी घेतली. एक कुपी घेतल्यावर दुसरी घेण्यास मिनिटभर थांबावें लागतें. मुलगी स्वभावानें सावध. ती मागें फिरून पळाली, आणि पळतां पळतां एका सांगाड्याच्या तिरंदाजाचा बाण तिला लागला. अशा वीराच्या पश्चात् खेळणारास भुताच्या रूपानें त्या जगांत नुसतें हिंडतां येतें. तिचें भूत तेथें घोटाळत असतां चिरंजीव धांवत तेथें आले, तिचें विखुरलेलें सामान त्यांनीं एकेक करून गोळा केलें आणि घरीं नेऊन निराळ्या पेटींत ठेविलें. त्या पेटीवर तिचें नांवहि लिहिलें. रात्रीं ताटांतला अनारसा तिनें तसाच ठेविला. दोन महिन्यांचा तो वीर होता.

रात्रीं झोंप येईना, तेव्हां आम्ही या गोष्टीचा नीट विचार केला. पॅलेडियमच्या गुणांत एक अट आहे आणि ती आम्ही ऐकूनहि ऐकली नव्हती: घाव घातला तरच जखम भरते. जो पुढें होऊन सतत मारीत राहील त्याचा तो धातु. जो संकट दिसतांच पाठ फिरवितो, त्यास पांच सेकंदांनंतर त्या चिलखतापासून वेगळा कांहींहि लाभ नाहीं. आणि एकच जीव असलेला मनुष्य पाठ फिरविणारच. आमचा दुसरा प्रमाद याहून लाजिरवाणा. ऑरिकॅल्कमचें चिलखत संरक्षणाच्या साध्या आंकड्यांतहि पॅलेडियमहून वरचढ आहे. तो आंकडा पडद्यावर ढळढळीत लिहिलेला होता. जखमा भरून येण्याच्या चमत्कारांत आम्ही इतके गुंतलों कीं, आम्हीं तो पाहिलाच नाहीं. साधें संरक्षण झोंपत नाहीं. पळतांना, खणतांना, पडतांना तें अंगावर असतेंच. चिरंजीवांनीं फुलांच्या पाकळ्यांसाठीं ऑरिकॅल्कम मागितलें खरें, परंतु भलत्या कारणासाठीं का होईना, सल्ला त्यांचा बरोबर होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं आम्ही हें सर्वांसमक्ष कबूल केलें. पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही एकटेच नाहीं चुकलांत, मीहि वाचलें नव्हतें." यानें आमचें समाधान झालें असें मात्र नाहीं.

तिनें नवा वीर घेतला, आणि तोहि पुन्हां एकाच जिवाचा. आम्ही नको म्हणून पाहिलें, पण तिच्या आईनें डोळ्यांनीं खुणावलें, तेव्हां गप्प बसलों. चिरंजीवांनीं पेटींतलें पॅलेडियम देऊं केलें, तें तिनें घेतलें नाहीं. मग त्यांनीं दुसरी युक्ति काढली. वीरास एका जगांतून दुसऱ्या जगांत आपल्या सामानासह जातां येतें. तेव्हां दुसरें जग उघडून तेथून टायटॅनियम आणावें. ही लबाडी होय कीं नव्हे, यावर अर्धा तास खल झाला. शेवटीं मातोश्री आंतून म्हणाल्या, "माहेरचा दागिना सासरीं घातला म्हणून कोणी चोरी म्हणतें का?" प्रश्न तेथेंच मिटला. पण पुतणीनें टायटॅनियमहि नाकारलें. त्याचें कडेंहि घाव घातल्यावांचून उभें राहत नाहीं, हें तिनें आतां स्वतः वाचून ठेविलें होतें. तिनें तेथल्याच तिसऱ्या वेदीचें ॲडॅमंटाइट घेतलें.

सध्यां तिच्याकडे तिरंदाजाचें शिरस्त्राण आहे, कारण ती धनुष्यानें लढते. तरवारीच्या शिरस्त्राणांत संरक्षण बरेंच अधिक, म्हणून तेंहि जवळ असावें असा तिचा बेत आहे. परंतु तेवढें खनिज उरलेलें नाहीं. नव्या वेद्या फोडल्या तर तें मिळेल, आणि कदाचित् घरामागचें रान भ्रष्टहि होईल. फोडाव्यात कीं नाहीं, याचा विचार भावंडांत चार दिवस चालला आहे. या बाबतींत आमचा सल्ला अद्याप कोणीं विचारलेला नाहीं.