उत्सवाची पेटी आणि रुग्णालयाची खाट

अनंत चतुर्दशी उलटली की लालबागमध्ये भाविकांनी अर्पण केलेल्या सोन्याचांदीच्या वस्तूंचा जाहीर लिलाव होतो. उत्सवात जमलेल्या अशा पैशातून रुग्णसेवाही चालते. लालबागच्या राजाचे मंडळ मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी डायलिसिस केंद्र चालविते. पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपतीच्या ट्रस्टतर्फे ससून रुग्णालयातील रुग्णांना भोजन दिले जाते. लहान मंडळे रक्तदानाची शिबिरे भरवितात, रुग्णवाहिकेसाठी वर्गणी काढतात. हे काम मुख्यतः बिनपगारी कार्यकर्त्यांच्या बळावर उभे आहे. उत्सवाकडे नाक मुरडून पाहण्याची जी सवय पुरोगामी वर्तुळात आहे ती निदान येथे तरी सोडून द्यावी. रात्री दोन वाजेपर्यंत रांग सांभाळून सकाळी कामावर जाणाऱ्या तरुणाची निष्ठा आपल्या किती शाखांत उरली आहे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारलेले बरे.

परंतु कौतुक करून थांबता येत नाही. रुग्णालयाचा खर्च उत्सवाच्या पेटीतून भागावा, ही व्यवस्था म्हणून कितपत टिकणारी आहे?

डायलिसिसचेच उदाहरण घ्यावे. ज्या रुग्णाला आठवड्यातून तीनदा ते घ्यावे लागते त्याला वर्षातून दीडशेहून अधिक वेळा, दर वेळी सुमारे चार तास, यंत्राला जोडून पडून राहावे लागते. आणि हे बहुधा आयुष्यभर किंवा मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण होईपर्यंत. यंत्र एकदा देणगीतून येते, त्यावर दात्याचे नाव कोरता येते. शुद्ध पाणी, गाळण्या, वीज, तंत्रज्ञ आणि परिचारिका यांचा खर्च मात्र रोजचा आणि बिननावाचा असतो. दात्याला यंत्र दिसते, पगार दिसत नाही. त्यातून उत्सवाचे उत्पन्न गर्दीवर अवलंबून. २०२० साली महामारीमुळे लालबागला मूर्ती बसली नाही. मंडळाने त्याऐवजी आरोग्योत्सव भरवून रक्तदान घडविले, हे त्यांच्या समाजभानाचे द्योतकच होय. पण त्याच वर्षी अर्थशास्त्राचा साधा धडा उघडा पडला: रुग्णालयांची गरज जेव्हा सर्वाधिक असते, नेमका तेव्हाच उत्सवाचा ओघ आटू शकतो. शिवाय हा पैसा जेथे प्रसिद्ध गणपती तेथे जमतो. गडचिरोलीच्या दुर्गम पाड्यातील रुग्णाने कोणाच्या पेटीकडे पाहावे?

याहून खोल गोष्ट गिरणगावाच्या इतिहासात आहे. लालबागचे मंडळ १९३४ सालचे. कोळी बांधव आणि छोटे व्यापारी यांनी बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून केलेल्या नवसातून ते उभे राहिले. त्याच परिसरात परळला १९२६ पासून के. ई. एम. रुग्णालय आहे. तेही एका व्यापाऱ्याच्या दानातूनच उभे राहिले, आणि तेथील वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट त्याच्या विश्वस्तांनी घातली होती. म्हणजे दानालाही कधीकाळी राजकीय कणा होता. पण पुढे हे रुग्णालय चालले ते नगरपालिकेच्या तिजोरीवर, म्हणजे नागरिकांच्या करावर.

कारखान्यातील कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना प्रा. बी. पी. आदारकरांनी १९४४ साली मांडली आणि त्या पायावर १९४८ चा राज्य विमा कायदा आला. गिरणी कामगाराच्या पगारातून त्याचा हिस्सा कापला जाऊ लागला, मालकाला त्याहून मोठा हिस्सा भरावा लागला. दवाखान्याच्या खिडकीशी कामगार उभा राहिला तो हक्कदार म्हणून. त्याने कोणाचे आभार मानण्याचे कारण नव्हते. १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. हक्क नोकरीशी बांधलेला होता. नोकरी गेली तसा बहुतेकांचा तोही गेला. आज त्याच वस्तीतील म्हातारा मदतीसाठी अर्ज घेऊन उत्सव मंडळाच्या कार्यालयात जातो तेव्हा त्याला लाभार्थी म्हणतात. वर्गणीदाराचा लाभार्थी होणे, ही या अर्धशतकाची खरी घसरण आहे, आणि मंडळाच्या चांगुलपणाने ती भरून निघत नाही.

इंग्लंडातही रुग्णालये पूर्वी जत्रा, मिरवणुका आणि डबे फिरवून चालविली जात. साउथ वेल्समधील ट्रेडेगरच्या कामगारांनी मात्र पगारातून ठरावीक वर्गणी देऊन स्वतःची वैद्यकीय संस्था उभारली. तेथील खाणकामगार अनायरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाले आणि ५ जुलै १९४८ पासून संपूर्ण देशासाठी करातून चालणारी सेवा सुरू झाली. वर्गणीचे करात रूपांतर झाले. पण वर्गणीबरोबरचा हक्क त्यांनी सोडला नाही. आपल्याकडे भोर समितीने तसाच आराखडा १९४६ सालीच दिला होता.

आणि आपले सरकार काय करते? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. त्याच २०२५ साली महाराष्ट्र शासनाने गणेशोत्सव हा राज्य महोत्सव म्हणून जाहीर केला. शासनाने उत्सवाचे यजमानपद घ्यावे आणि उत्सवाने रुग्णालयाचे, अशी ही अदलाबदल आहे.

पक्षाच्या कार्यकर्त्यांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते मंडपाबाहेर राहून होणार नाही. धर्मादाय रुग्णालयांनी आपल्या दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, असे बंधन उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेने घातले आहे. या खाटा कोणाला मिळतात, हे दारोदार वर्गणीला फिरणाऱ्या मंडळांइतके सहज कोण तपासू शकेल? आजारी माणूस कोणत्या खोलीत आहे हे त्यांना मतदार यादीशिवायही ठाऊक असते. मंडळाच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो. त्याच सभेत प्रभागातील पालिका दवाखान्यात किती पदे रिक्त आहेत, औषधे किती महिने नव्हती, हेही वाचले जावे आणि त्याची प्रत आयुक्तांकडे जावी, असा ठराव आपल्या कार्यकर्त्यांनी येत्या वर्षी मांडावा. बहुतेक मंडळांत तो मंजूर होईल. होणार नाही तेथे का झाला नाही, हे त्या वस्तीत जाऊन विचारावे.